चकरांचा रकाना

पूर्णा ते परभणी पॅसेंजरनं तास-सव्वा तास लागायचा. तेवढ्यात माणसं एक झोप काढायची, नाहीतर शेंगा फोडायची. त्या दिवशी माझ्या समोरच्या बाकावरचा माणूस मात्र लिहीत बसला होता. मिरखेलला गाडी थांबली की यानं घड्याळ बघितलं, सुटली की पुन्हा बघितलं, आणि दोन्ही वेळा गुडघ्यावरच्या वहीत काहीतरी टिपलं. पिंगळीला क्रॉसिंग होतं. गाडी अशी पडून राहिली की बाया खाली उतरून पाणी भरून आल्या. हा आपला मनगट वर करून बसलेला.

माझा स्वभाव असा की तोंडाशी आलेलं आत ठेवता येत नाही.

"तुमी रेल्वेत हाव का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग या गाडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

त्यानं मान वर केली. हसला... पण ओठांनी नाही, नुसता डोळ्यांनी. "वेळ कुठं जातो ते बघायलोय. इथं सव्वीस मिनिटं गेली."

"बरं. आणि वाचवून ठेवणार कुठं?"

"ते अजून ठरलं न्हाई," तो म्हणाला आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघून खिडकीबाहेर बघायला लागला. इंजिनाच्या कोळशाचा कण नेमका तेव्हाच त्याच्या डोळ्यात गेला. मी रुमाल पुढं केला. वेळ मोजणाऱ्याचा एक डोळा लाल झालेला बघून मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

परभणीला उतरून मी पळतच दफ्तर गाठलं. खातं कोणतं ते विचारू नका. दाखले, नोंदी, नकला द्यायचं सरकारी दफ्तर, एवढं पुरे. मी तिथं टंकलेखक आणि खिडकीवरची कारकून. दोन्ही कामं एकटीकडंच, आणि ऑर्डर एकोणतीस दिवसांची. महिना भरला तर माणूस कायम व्हायचा हक्क सांगेल म्हणून तिसाव्या दिवशी घरी बसायचं आणि एकतिसाव्या दिवशी नवी ऑर्डर घ्यायची. अशा अकरा ऑर्डरी मी पचवल्या होत्या. माझे वडील मुंजाजी पूर्णेच्या लोकोशेडमधे फिटर. ते दर महिन्याला विचारायचे, "सत्यशीला, औंदा तरी कायम का?" मी म्हणायचे, "बघू की." पण मनातून मला ती नोकरी हवी होती. अशी हवी होती की खिडकीचं दार उघडताना माझा हात त्या कडीवर जरा रेंगाळायचा.

अकरा वाजता आमचे मोठे साहेब आले. त्यांना सगळे आबासाहेबच म्हणायचे. त्यांच्यामागं कोण, तर गाडीतला तोच माणूस, एक डोळा लाल.

"हे नागनाथ धापसे. विभागाच्या कचेरीतून आलेत. तीन महिने आपल्यात राहतील. कोण किती काम करतं, कुणाचा वेळ कशात जातो, ते मोजतील. आणि ऐका, कायमची एक जागा मंजूर झालीय. तात्पुरते दोघं आहेत, बन्सीधर आणि खंदारे बाई. धापसे साहेबांचा तक्ता ज्याच्या बाजूनं, जागा त्याची."

खंदारे बाई म्हणजे मी. मी मान टाइपरायटरमधे घातली. सगळ्यांच्या टेबलांवरून फिरत ते शेवटी माझ्यापाशी आले.

"बाई, तुमी आज पंचवीस मिनिटं उशिरा आलाव."

"पिंगळीला क्रॉसिंग होतं साहेब. साक्षीदार हाय माझ्याकडं."

पुन्हा ते नुसते डोळ्यांनी हसले. यावेळी मला त्या लाल डोळ्याची कीव आली.

त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. एक, भिंतीवर भला मोठा तक्ता. प्रत्येकाच्या नावापुढं तीन रकाने: आवक, निकाली, शिल्लक. दर शनिवारी आकडे भरायचे. दुसरी, वेळवही. अर्ध्या अर्ध्या तासाला आपण काय केलं ते लिहायचं. शनिवारी वह्या त्यांच्याकडं जायच्या आणि सोमवारी समासात लाल पेन्सिलीनं शेरे घेऊन परत यायच्या.

बाकीच्यांनी वहीत 'टपाल', 'टिपणी', 'टपाल' असं घालून टाकलं. मला काही ते जमलं नाही. मी जे झालं ते लिहिलं. 'साडेअकरा ते बारा: चतुराबाईंना कमी ऐकू येते. एकच प्रश्न चारदा विचारला. पाचव्यांदा त्यांनीच मला विचारला.'

सोमवारी समासात: 'प्रश्न लिहून दाखवता आला असता.'

मी खाली लिहिलं: 'त्यांना वाचता येत नाही. मला ओरडता येते.'

पुढच्या सोमवारी: 'तीन ते सव्वातीन कोरे. पंधरा मिनिटे कशात गेली?'

'आपला शेरा वाचण्यात.'

'शेरा एका ओळीचा होता.'

'दोनदा वाचला.'

हे लिहून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. खोडावं म्हटलं, तर वही गेलेली. सोमवारी भीत भीत उघडली. समासात काहीच नव्हतं, फक्त लाल पेन्सिल टेकवल्याचे तीन-चार ठिपके होते... लिहायला टेकवली आणि उचलली असावी. त्या ठिपक्यांवर मी अर्धा दिवस घालवला. वहीत लिहिलं, 'टपाल'.

त्यांची धाकटी बहीण पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत दिलेली. ते तिच्याकडं उतरले होते, म्हणजे रोजची गाडी एकच. हळूहळू बाकही एकच झाला. एकदा मी विचारलं, "नागनाथ कसं काय? आपल्यात आता ही नावं ठेवत न्हाईत."

"मी पंचावन्नचा. आजीनं औंढ्याच्या देवाचं ठेवलं. बहिणीचं नाव तुमच्यासारखंच, नवं. मधी छप्पन सालची दीक्षा आली."

"मग बदललं न्हाई?"

"आजीनं ठेवलेलं हाय. आजीला कोण सांगणार?"

हसताना त्यांचे दातही दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पण भिंतीवरचा तक्ता काही हसत नव्हता. पहिल्या महिन्यात बन्सीधर निकाली दोनशे बारा, सत्यशीला एकसष्ट. दुसऱ्या महिन्यात बन्सीधर दोनशे चाळीस, सत्यशीला अठ्ठावन्न. बन्सीधर मनानं वाईट नव्हता. डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायचा. म्हणायचा, "बाई, तुमी लय बोलत बसताव लोकांशी. कागद घ्यायचा, तपासायचा, शेरा मारायचा, पुढं सरकवायचा. सुटलो."

मला राग येऊन उपयोग नव्हता. आकडे तर आकडेच होते. तरीपण जिवाला घोर लागला. रात्रंदिवस घासतेय, माणसं माझ्या खिडकीवरून काम होऊन जातात, आणि तक्त्यात मी आळशी?

एका सोमवारी सरजाबाई आल्या. जिंतूरकडच्या खेड्यातल्या, साठीच्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. वारसाची नोंद करायची होती. त्या दिवशीचा शेरा मारून बन्सीधर जेवायला गेला होता म्हणून त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि पदराच्या गाठीतून कागद काढला. अर्जाच्या पाठीवर जागा उरली नव्हती. 'तारीख नाही, परत.' 'साक्षीदाराची सही नाही, परत.' 'गट नंबर अस्पष्ट, परत.' सात शेरे. खाली बन्सीधरचं सुबक अक्षर.

"सातव्यांदा आले बाई," त्या म्हणाल्या. "एका टायमाला समदं सांगितलं असतं, तर समदं आणलं असतं. मला काय कळायलंय?"

मी नोंदवही उघडली. सात वेळा आवक, सात वेळा निकाली. आमच्या दफ्तराचा जुना शिरस्ताच तो: कागद त्रुटी काढून परत केला की तो निकालात निघाला. सरजाबाईचं काम झालं नव्हतं, पण तक्त्यात ते सातदा झालेलं होतं. मी मात्र माणसाला समोर बसवून सगळं विचारायची, काय काय आणायचं ते एकदाच सांगायची, आणि ते येईपर्यंत कागद माझ्याकडं 'शिल्लक'.

मी नोंदवही उचलली आणि नागनाथसाहेबांच्या टेबलावर जोरात ठेवली. शेजारचा चहाचा पेला हलला.

"हे वाचा."

त्यांनी वाचलं. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आत फिरवली. विचारात पडले की त्यांची ती सवय. "बाई, आकडा खोटा न्हाई. सातदा कागद हाताळला, सातदा वेळ गेला."

"कुणाचा?"

ते पुन्हा नोंदवहीकडं बघायला लागले.

"तुमी वेळ मोजायला आलाव ना? मग सरजाबाईचा वेळ कुठल्या रकान्यात हाय, तेवढं दाखवा. मला काय, मी जाईन घरी. पण आकडा खोटा न्हाई असं तोंड वर करून सांगू नका."

माझा आवाज चढला होता. अख्खं दफ्तर ऐकत होतं. मी जाग्यावर येऊन टंकायला घेतलं, तर 'कार्यालय' हा शब्द तीनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत माझ्या डब्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दफ्तरातच आले नाहीत. मी मनात म्हटलं, झालं... गेलं सगळं, नोकरीही आणि जे काही दुसरं होतं तेही. त्या दुसऱ्याला तोवर मी नाव दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. रिकाम्या बाकाकडं बघून रडू येतं ते कशामुळं, हे न कळण्याएवढी मी लहान नव्हते.

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर एक वही होती. माझी नव्हे, त्यांची.

'पहाटे साडेपाच: सरजाबाईंच्या गावी मुक्कामाहून निघालो. सोबत त्या. साडेपाच ते सात: पायी फाट्यापर्यंत. सात ते साडेआठ: एसटीची वाट. साडेआठ ते साडेदहा: प्रवास, उभ्याने. साडेदहा ते एक: कागद बन्सीधरकडचा म्हणून त्यांच्याच खिडकीशी रांग, मी मागे उभा होतो, कुणी ओळखले नाही. एक ते एक वाजून चार मिनिटे: काम. त्रुटी काढून परत.'

खाली एक ओळ होती. 'एक चकर, परतीसह, अकरा तास. आठ चकरा, अठ्ठ्याऐंशी तास. आपण चार मिनिटे वाचवली.'

मी डोकं वर केलं. ते दारात उभे होते, दाढी वाढलेली, चपलेला चिखल.

"समास मोकळा ठेवलाय," ते म्हणाले. "शेरा मारा."

मी लिहिलं, 'वाचले. दोनदा.'

पुढचे पंधरा दिवस त्यांनी तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदवह्या पुन्हा काढल्या आणि नवा तक्ता बसवला. आता कागद मोजायचे नाहीत, माणसं मोजायची. किती जणांचं काम झालं, आणि एका कामाला माणसाला किती चकरा पडल्या. बन्सीधर: कामं एकोणचाळीस, चकरा सरासरी पाच. सत्यशीला: कामं एकशे अठ्ठ्याहत्तर, चकरा दोन. बन्सीधर तक्त्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, मला कुणी असं मोजलंच न्हवतं. पहिल्या दिवसापासून असं सांगितलं असतं तर मीबी बसवून विचारलं असतं." त्याचं बरोबरच होतं. माणूस ज्यावर मोजला जातो, तेच करतो.

पण दफ्तराला तोंडं होती. माझ्या वहीतले लाल शेरे सगळ्यांनी बघितले होते, गाडीतला बाकही. ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावासाठी माझा थोरला भाऊ बारा दिवस तुरुंगात जाऊन आलेला, आणि आमच्यातल्या कुणाला काही मिळालं की ते कशावर मिळालं याचा हिशोब लोक आधीच करून ठेवायचे. पाणी प्यायला गेले तर कानावर आलं, "आपल्या माणसानं आपल्या माणसासाठी तक्ता फिरवला. वर आणि जीव जडलेला."

शुक्रवारी अहवाल टंकायला माझ्याकडंच आला. सतरा पानं. मी कार्बन लावले, टंकत गेले. सोळा पानं झाली. शेवटच्या पानावर हात थांबला.

'वरील तक्त्यात ज्यांचे काम सरस आढळते त्या कु. सत्यशीला मुंजाजी खंदारे यांच्याशी विवाह करण्याची निम्नस्वाक्षरीकाराची इच्छा आहे. त्यांची संमती अद्याप विचारलेली नाही. सबब, तक्त्याची फेरतपासणी अन्य अधिकाऱ्यामार्फत होऊन मगच नेमणुकीचा निर्णय व्हावा, ही विनंती.'

मी ते पान घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. जेवणाची सुट्टी होती, खोलीत आम्ही दोघंच.

"हे कुणाला विचारून लिहिलंत?"

"विचारायचं धाडस झालं न्हाई. म्हणून लिहिलं."

"फेरतपासणीला दोन महिने लागतील. माझी ऑर्डर गुरुवारी संपते. हा परिच्छेद वर गेला की नवी ऑर्डर निघत न्हाई. ठाऊक हाय?"

"हाय." ते घड्याळाची तबकडी फिरवायला लागले. "म्हणून तुमच्याकडंच टंकायला दिला. तुमी गाळलात तर मी सही करीन. नोकरी तुमची, मी पुन्हा त्या विषयाचं नाव काढणार न्हाई. तक्ता खरा हाय, सत्यशीला. पण माझ्या हातून आला, एवढाच त्यात दोष."

पहिल्यांदा नावानं हाक मारली, आणि ती अशा वेळी.

"वा रे वा," मी म्हटलं. "म्हणजे नोकरी एका हातात आणि तुमी एका हातात, आणि मी निवडायचं? लय हुशार हाव. रात्रभर बसून हे काढलंत व्हय?"

ते गोरेमोरे झाले. "तसं न्हवतं मनात..."

"मनात काय होतं ते लिहिलंय की इथं. सही-शिक्क्यानिशी." मला हसू येत होतं आणि रडूही. "ऐका. हा परिच्छेद राहील. तुमच्यासाठी न्हाई. उद्या मी त्या खिडकीत बसले तर कुणी म्हणू नये की हिला ही जागा कुणाचा तरी जीव जडल्यामुळं मिळाली. जागा माझी मी मिळवीन. आणि ती मिळेपर्यंत मला काही विचारायचं न्हाई. पत्र न्हाई, निरोप न्हाई."

"आणि न्हाई मिळाली तर?"

मी मशीनवर जाऊन बसले आणि तो परिच्छेद टंकला. त्या पानावर एकही चूक झाली नाही.

गुरुवारी माझी ऑर्डर संपली. त्याच आठवड्यात तेही विभागाकडं औरंगाबादला परत गेले. मी पूर्णेत घरी बसले. सकाळची पॅसेंजर सुटल्याची शिट्टी ऐकू यायची आणि मी मनातल्या मनात मिरखेल, पिंगळी मोजायचे. वडील विचारायचे बंद झाले, तेच जास्त लागायचं. नोकरी गेली, माणूस गेला, आणि दोन्ही मीच आपल्या हातानं टंकून दिलं, असं वाटून कितीदा तरी जीव कासावीस झाला. बोलायला कुणी नव्हतं. बोलण्यासारखं ज्याच्याशी होतं, त्याला मीच गप्प बसवलेलं.

फेरतपासणीला दत्तराव नावाचे एक म्हातारे, कडक अधिकारी आले, ते मला नंतर बन्सीधरनंच सांगितलं. त्यांनी ना तक्ता मागितला ना कुणाची वही. आठ दिवस खिडकीबाहेर बाकावर बसून येणाऱ्याला एकच विचारलं, "कितवी चकर? मागं तुमचं काम कुणी केलं?" सरजाबाईही आल्या होत्या, नवव्या चकरेला माझ्या खिडकीवर नोंद झाल्याचं सांगायला. त्यांना तिथं कुणी बोलावलं नव्हतं.

जानेवारीच्या सुरुवातीला टपालानं पाकीट आलं. कायम नेमणूक, परभणी, त्याच खिडकीवर. वडिलांनी कागद दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या हाताचं ग्रीस कधीच पुरतं निघत नाही, म्हणून लगेच आईकडं दिला आणि स्वतः तोंड फिरवून बसले.

रुजू होऊन मी पुन्हा रोज त्या गाडीनं जायला लागले, आणि वाट बघितली. आता येतील, उद्या येतील. नऊ दिवस झाले. पहिले तीन दिवस मी रागात होते, पुढचे तीन भीतीत. मग वडिलांना सगळं सांगितलं, अगदी समासातल्या ठिपक्यांपर्यंत.

ते ऐकत राहिले. "सोबत येऊ?"

"न्हाई. मीच जाते."

"मग डबा ने."

पहाटेच्या एसटीनं जिंतूर, जालना करत औरंगाबादला पोचायला दुपार झाली. अंग आंबून गेलं होतं, केसांत धूळ. त्यांच्या कचेरीत टेबलापुढं चार माणसं उभी होती. मी पाचवी उभी राहिले. ते एकेकाला खुर्चीवर बसवून विचारत होते आणि सगळं एकाच कागदावर लिहून देत होते. माझा नंबर आला, तेव्हा मान वर न करताच म्हणाले, "बसा. काय काम?"

"ऑर्डर आली," मी म्हटलं.

पेन हातातच राहिलं. ते बघतच राहिले.

"नऊ दिवस झाले," मी म्हटलं.

"मला... मला कोण सांगणार? त्या फायलीपासून मला लांब ठेवलंय. मीच तसं लिहून दिलेलं. रोज वाटायचं विचारावं, पण तुमी म्हणला होताव..."

नऊ दिवसांचा राग त्या एका वाक्यात विरघळला. शब्द पाळणाऱ्या माणसावर मी चिडून बसले होते. पण बोलायचं ते बोलायचंच होतं, आणि मागं रांगेत आणखी माणसं येऊन उभी राहिली होती.

"मग मीच सांगते. जागा मला मिळाली, माझ्या कामावर मिळाली. आता कुणाचं काही देणं लागत न्हाई. म्हणून सांगायला आले की माझी संमती हाय. तुमच्याशिवाय त्या गाडीत करमत न्हाई मला. लय लांबून आलेय, परत पाठवू नका."

नागनाथ उठून उभे राहिले, डोळे भरलेले, सगळ्यांदेखत. मग खाली बसले, एक कोरा कागद ओढला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या जागी लिहिलं, 'स्वतःचे लग्न.' पेन थांबवून हलक्या आवाजात म्हणाले, "तारीख काय घालू?"

मी सांगितली.